जेफरसन, राइस आणि सरासरीचा चकवा

जस्टिन जेफरसनने २०२४ चा हंगाम संपवला तेव्हा त्याच्या नावावर ७७ सामन्यांत ७,४३२ यार्ड जमा होते, म्हणजे दर सामन्यामागे साडेशहाण्णव. जेरी राइसच्या वीस हंगामांच्या कारकिर्दीची हीच सरासरी ७५.६ भरते. हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडले की पुढचे विधान आपोआप तयार होते आणि अमेरिकन फुटबॉलच्या चर्चांत ते वारंवार ऐकू येते: मिनेसोटा व्हायकिंग्जचा हा तरुण रिसीव्हर राइसपेक्षा सरस आहे, फक्त काळाने त्यावर शिक्का मारायचा बाकी आहे. समोरची बाजू तितक्याच तत्परतेने राइसचे एकूण २२,८९५ यार्ड पुढे करते आणि विषय संपल्याचे जाहीर करते. माझ्या मते दोन्ही बाजूंची गफलत एकच आहे. पहिली बाजू अपुऱ्या कारकिर्दीची सरासरी पूर्ण कारकिर्दीच्या सरासरीला भिडवते आणि दुसरी बाजू पूर्ण कारकिर्दीची बेरीज अपुऱ्या कारकिर्दीच्या बेरजेला. तुलना करूच नये असे मला मुळीच वाटत नाही, पण ती करायची तर टप्प्याला टप्पा लावून आणि प्रत्येकाला त्याच्या समकालीनांच्या रांगेत उभे करून करावी लागते. तशी केली की जेफरसन लहान ठरत नाही आणि राइसही आपल्या जागेवरून हलत नाही. मात्र तो न हलण्याचे जे कारण सहसा सांगितले जाते, ते मला पटत नाही.

हा खेळ न पाहिलेल्या वाचकासाठी एवढे सांगितले तरी पुरे आहे की क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, रिसीव्हर बचावपटूला चकवून ठरलेल्या जागी पोहोचतो, झेल घेतो आणि पकडला जाईपर्यंत पुढे धावतो. किती झेल, त्यातून किती यार्ड आणि किती टचडाऊन (चेंडू समोरच्या संघाच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण) या तीन रकान्यांवर रिसीव्हरची प्रतवारी ठरते. राइसच्या सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्स या संघाचे आजचे मैदान ज्या सांता क्लारात आहे, त्या परिसरात स्थिरावलेल्या मराठी घरांतल्या मुलांना राइसचे नाव सांगावे लागत नाही. मात्र त्यांच्यातल्या बहुतेकांनी तो खेळताना पाहिलेला नाही आणि ते त्याला आकड्यांतूनच ओळखतात. म्हणूनच आकडे कसे वाचायचे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

चालू कारकिर्दीच्या सरासरीचा चकवा क्रिकेट पाहणाऱ्याला नवा नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर विराट कोहलीने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २५४ धावा केल्या तेव्हा त्याची कसोटी सरासरी ५५ च्या आसपास होती, म्हणजे सचिन तेंडुलकरच्या अंतिम ५३.७८ च्या वर. त्या दिवसांत अनेकांनी त्यावरून निष्कर्ष काढून टाकले होते. २०२५ मध्ये कोहली कसोटीतून निवृत्त झाला तेव्हा ती सरासरी ४६.८५ वर आलेली होती. यात कोहलीचा कमीपणा काही नाही, कारण उताराची वर्षे प्रत्येकाच्या वाट्याला येतात आणि ती सरासरीतून वजा करता येत नाहीत. राइसच्या ७५.६ मध्ये सदतिसाव्या, एकोणचाळिसाव्या आणि बेचाळिसाव्या वर्षी खेळलेले सामने धरलेले आहेत. जेफरसन २०२४ चा हंगाम खेळला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता.

तेव्हा पाच हंगामांशेजारी पाच हंगाम ठेवू. योगायोगाने सामन्यांची संख्याही जवळपास जुळते, कारण राइस १९८५ ते १९८९ या काळात ७६ सामने खेळला. १९८७ मध्ये खेळाडूंच्या संपामुळे त्याच्या वाट्याला बाराच सामने आले, तर जेफरसनला २०२३ मध्ये दुखापतीमुळे दहावर थांबावे लागले. त्या पाच हंगामांत राइसचे ३४६ झेल, ६,३६४ यार्ड आणि ६६ टचडाऊन झाले. जेफरसनचे ४९५ झेल, ७,४३२ यार्ड आणि ४० टचडाऊन. पहिल्या पाच हंगामांत इतके यार्ड एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या इतिहासात दुसऱ्या कोणीही मिळवलेले नाहीत. टॉरी होल्ट आणि रँडी मॉससुद्धा सात हजारांच्या अलीकडेच राहिले होते. सामन्यामागे यार्डांची तफावत आता ९६.५ विरुद्ध ८३.७ अशी उरते. ती एकवीसवरून तेरावर आली ती केवळ समान टप्पा निवडल्यामुळे, अजून काळाचा हिशेब धरलेलाही नाही.

मला या तक्त्यातले सर्वांत बोलके आकडे यार्डांचे वाटत नाहीत. राइसच्या एका झेलामागे १८.४ यार्ड पडतात, जेफरसनच्या एका झेलामागे १५. राइसने सरासरी दर पाच-सव्वापाच झेलांमागे एक टचडाऊन केला, जेफरसनला त्यासाठी बारांहून अधिक झेल लागले. म्हणजे एकाकडे चेंडू कमी वेळा आला आणि आला तेव्हा अधिक खोलवर गेला. दुसऱ्याकडे तो सतत येत राहिला. यातला काही भाग खेळाडूंचा आहे, पण बराचसा काळाचा आहे. राइस लीगमध्ये आला तेव्हा फेकलेल्या शंभर पासांपैकी पंचावन्नच्या आसपास झेलले जात होते, आज तेच प्रमाण पासष्टच्या घरात आहे. संघांनी लहान, खात्रीचे पास वाढवले आणि त्यामुळे प्रत्येक चांगल्या रिसीव्हरचे झेल फुगले. गंमत अशी की त्या लहान पासांच्या शैलीचा मोठा प्रवर्तक राइसचा पहिला प्रशिक्षक बिल वॉल्श होता, म्हणजे आज राइसचे विक्रम ज्या प्रवाहाने झिजत आहेत त्याचा उगम त्याच्याच संघाच्या सरावात सापडतो.

नियमांनीही रिसीव्हरची वाट रुंद केली आहे. १९७८ मध्ये पहिल्या पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला धक्के देण्यावर बंदी आली, पण ती पुढे बरीच वर्षे ढिलाईने पाळली गेली. २००४ मध्ये लीगने पंचांना तो नियम काटेकोरपणे लावण्याची तंबी दिली, आणि राइसचा शेवटचा हंगाम २००४ चाच आहे. त्यानंतर, झेल घेण्याच्या क्षणी असुरक्षित अवस्थेत असलेल्या खेळाडूला डोक्यावर किंवा मानेवर आदळण्याविरुद्धचे नियम आणखी कडक झाले. मैदानाच्या मध्यातून तिरपे धावत झेल घेणे, जी राइसची खासियत होती, ते त्या काळी बरगड्या पणाला लावून केलेले काम होते. हंगामही लांबला आहे, कारण २०२१ पासून सोळाऐवजी सतरा सामने होतात. जेफरसनने २०२२ मध्ये मिळवलेले १,८०९ यार्ड सतरा सामन्यांतले आहेत आणि राइसचे १९९५ मधले १,८४८ यार्ड सोळा सामन्यांतले.

एवढे वाचून राइसचे चाहते खूश होतील, पण काळाचा हा युक्तिवाद दुधारी आहे आणि तो त्यांना जिथे नेतो तिथे जायची त्यांची तयारी सहसा नसते. नियम रिसीव्हरच्या बाजूने झुकल्याचा, पासांचा खेळ वाढल्याचा आणि हंगाम लांबल्याचा फायदा राइसलाही त्याच्या पूर्वसुरींच्या तुलनेत मिळाला होताच. तेच माप मागे नेले तर सर्वश्रेष्ठ रिसीव्हर म्हणून ग्रीन बे पॅकर्सच्या डॉन हटसनचे नाव घ्यावे लागेल. १९३५ ते १९४५ या अकरा हंगामांत तो झेलांच्या यादीत आठ वेळा, यार्डांत सात वेळा आणि टचडाऊनमध्ये नऊ वेळा अव्वल होता. राइसचे हेच आकडे अनुक्रमे दोन, सहा आणि सहा आहेत. १९४२ मध्ये हटसनने अकरा सामन्यांत ७४ झेल घेतले, तेव्हा दुसऱ्या क्रमांकावरच्या खेळाडूचे झेल होते २७. समकालीनांच्या पुढे असण्याचा हा पल्ला राइसने कधीच गाठला नाही आणि जेफरसनच्या पिढीत तर तो कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. हटसनचा ९९ टचडाऊनचा विक्रम मोडायला स्टीव्ह लार्जंटला १९८९ साल उजाडावे लागले.

तरीही मी हटसनला राइसच्या वर ठेवणार नाही, आणि त्याचे कारण या आकड्यांपेक्षा ते ज्यांच्यासमोर जमले त्यांत आहे. १९३४ ते १९४५ या काळात या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. संघमालकांनी त्यांना अलिखित संगनमताने बाहेर ठेवले होते आणि केनी वॉशिंग्टनसाठी दार उघडले ते १९४६ मध्ये. हटसनची संपूर्ण कारकीर्द त्या बंदीच्या आत सामावते. शिवाय १९४२ नंतर महायुद्धाने संघांतले तरुणच ओढून नेले होते. मिसिसिपीतल्या एका गवंड्याचा कृष्णवर्णीय मुलगा जेरी राइस त्या लीगमध्ये पाऊलही ठेवू शकला नसता. तो शिकला ते मिसिसिपी व्हॅली स्टेट हे विद्यापीठही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेले. समकालीनांशी तुलना करायची म्हणजे ते समकालीन कोण होते आणि कोणाला समकालीन होऊच दिले नाही हेही विचारावे लागते. हा प्रश्न न विचारता नुसती दुसऱ्या क्रमांकाशी असलेली दरी मोजणे हा अर्धाच हिशेब झाला.

खुल्या लीगमध्ये मात्र ही दरी मोजण्याला अर्थ आहे. राइसचा १९८७ चा हंगाम घ्या. बारा सामन्यांत २२ टचडाऊन, आणि त्या वर्षी लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या फिलाडेल्फियाच्या माइक क्विकचे ११. बरोबर दुप्पट. वीस वर्षांनी रँडी मॉसने २३ टचडाऊन करून तो विक्रम मोडला, पण त्यासाठी त्याला सोळा सामने मिळाले होते. जेफरसनने २०२२ मध्ये झेल आणि यार्ड या दोन्ही याद्यांत पहिला क्रमांक मिळवला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला. यार्डांत दुसरा आलेला टायरीक हिल मात्र १,७१० वर होता, म्हणजे जेमतेम शंभर यार्डांवर. आजच्या लीगमध्ये प्रशिक्षण, आहार आणि शालेय पातळीवरचे पासांचे खेळ यांमुळे वरच्या फळीतले दहा-बारा रिसीव्हर एकमेकांच्या फार जवळ आले आहेत. दरी कमी असणे हा जेफरसनचा दोष मानता येत नाही, पण मग त्याचे पाच हंगाम राइसच्या पाच हंगामांइतके एकहाती होते असाही दावा करता येत नाही.

आता क्वार्टरबॅकचा मुद्दा, जो जेफरसनचे समर्थक हमखास काढतात. राइसला जो मोंटाना आणि स्टीव्ह यंग मिळाले, दोघेही हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे खेळातल्या थोरांच्या सन्मानयादीत आहेत. जेफरसनने कर्क कझिन्स, सॅम डार्नल्ड आणि मधल्या काळातल्या हाताला लागेल त्या पर्यायांकडून चेंडू घेतले, आणि एकट्या २०२३ च्या हंगामात व्हायकिंग्जने चार क्वार्टरबॅक आलटून पालटून उतरवले. हा मुद्दा खरा आहे आणि जेफरसनच्या बाजूने त्याचे वजन धरलेच पाहिजे. पण तो ताणायचा किती? १९९५ मध्ये यंग जखमी झाल्यावर पाच सामन्यांची सुरुवात एल्विस ग्रबॅकने केली, आणि राइसने त्याच वर्षी एका हंगामातील यार्डांचा चौतीस वर्षांपूर्वीचा विक्रम मोडला. पुढे ओकलंडला गेल्यावर २००२ मध्ये, हंगामाच्या मध्येच चाळिशी पूर्ण करत, त्याने रिच गॅननच्या पासांवर ९२ झेल आणि १,२११ यार्ड मिळवले. क्वार्टरबॅक बदलले, संघ बदलला, शैली बदलली आणि वय वाढत गेले, तरी आकडे फारसे खचले नाहीत. मोंटानाने राइसला घडवले असे म्हणणाऱ्याला या दोन वर्षांचे उत्तर द्यावे लागेल.

पूर्ण कारकिर्दीची बेरीज नुसत्या टिकून राहण्याची मजुरी आहे, गुणवत्तेची खूण नाही, असा एक शहाणपणाचा सूर हल्ली ऐकू येतो. त्यावर उतारा म्हणून मी कॅल्व्हिन जॉन्सनची कारकीर्द पाहायला सांगेन. डेट्रॉइटचा हा रिसीव्हर नऊ हंगाम आणि १३५ सामने खेळून तिशीतच थांबला. त्याच्या नावावर ११,६१९ यार्ड आणि ८३ टचडाऊन आहेत, सामन्यामागे ८६.१ यार्ड. ही सरासरी राइसच्या ७५.६ पेक्षा स्पष्टपणे वरची आहे, आणि एका हंगामातील १,९६४ यार्डांचा त्याचा २०१२ मधला विक्रम तर सतरा सामने मिळूनही कूपर कपला २०२१ मध्ये मोडता आला नाही. पण राइसही नऊ हंगामांनंतर थांबला असता तर? त्याचे १४० सामन्यांत ११,७७६ यार्ड, ११८ टचडाऊन आणि सामन्यामागे ८४.१ यार्ड झाले असते, म्हणजे यार्डांत जवळपास बरोबरी आणि टचडाऊनमध्ये पस्तिसांची आघाडी. जॉन्सन तेवढ्या कामावर हॉल ऑफ फेममध्ये गेला, आणि ते योग्यच झाले. राइसने मात्र त्यानंतर आणखी अकरा हंगाम खेळून ११,११९ यार्ड मिळवले. पूर्वार्ध एका हॉल ऑफ फेम कारकिर्दीइतका आणि उत्तरार्ध यार्डांच्या मापाने तिच्या अगदी जवळ जाणारा. या उत्तरार्धाने त्याची सरासरी खाली आणली, आणि आपण त्याच खाली आलेल्या सरासरीने त्याला हरवतो आहोत. अधिक खेळल्याची शिक्षा म्हणून एखाद्याचे मोल कमी ठरवणारे माप सदोष असते, एवढे तरी मान्य व्हायला हरकत नसावी.

बेरजांचे आणि मालिकांचे स्वतःचे चकवेही आहेतच. ५ जानेवारी २०२५ रोजी टॅम्पात तिथल्या संघाचा तेव्हाचा रिसीव्हर माइक इव्हान्स याला सलग अकराव्या हंगामात हजार यार्ड पूर्ण करून राइसच्या १९८६ ते १९९६ मधल्या मालिकेची बरोबरी करायला पाच यार्ड हवे होते. सामना जिंकलेला होता, काही सेकंद उरले होते आणि क्वार्टरबॅकने चेंडू घेऊन गुडघा टेकला असता तर घड्याळ आपोआप संपले असते. बेकर मेफील्डने त्याऐवजी इव्हान्सकडे छोटा पास फेकला, नऊ यार्ड मिळाले आणि सगळा संघ त्याच्याभोवती गोळा झाला. त्या पासावर करारातला तीस लाख डॉलरचा बोनसही अवलंबून होता. दृश्य सुंदर होते आणि इव्हान्सने ते कमावलेलेही होते. त्या हंगामात तो चौदाच सामने खेळू शकला होता. पण विक्रमाच्या नोंदीत आज दोघांपुढे अकरा लिहिलेले आहे. इव्हान्सच्या अकरापैकी तीन हंगाम १,००१, १,००६ आणि १,००४ यार्डांचे आहेत. राइसच्या अकरांमधला सर्वांत कमी आकडा १,०७८ आहे, तोही संपाच्या वर्षातला, बारा सामन्यांमधला. हजारची रेघ माणसाने सोयीसाठी ओढलेली आहे आणि तिच्या पलीकडे किती अंतर गेले हे ती सांगत नाही.

जे कोणत्याच रकान्यात मावत नाही तेही थोडे विचारात घ्यायला हवे. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोत सामना हातातून निसटत असताना व्हायकिंग्जला शेवटच्या संधीत अठरा यार्ड हवे होते. जेफरसन मागे झुकत उंच उडाला, बचावपटूचे दोन्ही हात चेंडूवर असताना त्याने एका हाताने तो हिसकावून घेतला आणि खाली पडतानाही सोडला नाही. नोंदवहीत त्याची किंमत एक झेल आणि बत्तीस यार्ड आहे. व्हायकिंग्जने तो सामना अतिरिक्त वेळेत ३३–३० असा जिंकला. असे झेल घेणारा खेळाडू राइसच्या पंगतीला बसण्याच्या योग्यतेचा नाही असे जो म्हणेल त्याने खेळ पाहिलेला नाही. उलट बाजूने, राइसने २०१५ मध्ये स्वतःच सांगितले की तो हातमोज्यांना चिकट द्रव्य लावत असे, जे लीगने १९८१ मध्येच बेकायदा ठरवले होते. त्या काळी सगळेच लावत, अशी पुस्तीही त्याने जोडली. त्याच्या आकड्यांतून ते वजा कसे करायचे, हे कोणालाच सांगता येणार नाही. फेकलेला प्रत्येक पास कोणासाठी होता याची पद्धतशीर नोंद १९९२ पूर्वीची मिळत नसल्याने, राइसने पहिल्या सात हंगामांत आपल्याकडे आलेल्या पासांपैकी किती झेलले, या आजच्या आवडत्या मोजमापावरही त्याला जोखता येत नाही.

बाद फेरीचे सामने बहुतेक तक्त्यांतून वगळलेले असतात, आणि ते वगळणे मला अन्यायाचे वाटते. राइसने २९ बाद सामन्यांत १५१ झेल, २,२४५ यार्ड आणि २२ टचडाऊन केले, तीन सुपर बोल (लीगचे अंतिम सामने) जिंकले आणि त्यांपैकी १९८९ मधल्या पहिल्या सामन्यात २१५ यार्ड मिळवून तो सामन्याचा मानकरी ठरला. पहिल्या पाच हंगामांत जेफरसनच्या वाट्याला असे दोनच सामने आले आणि दोन्ही व्हायकिंग्ज हरले. यात संघाचा भाग मोठा आहे हे खरे, पण जे सामने सर्वांत कडव्या बचावासमोर खेळले जातात तेच हिशेबातून काढायचे आणि बाकीच्यांवर थोरवी ठरवायची, हे चमत्कारिक आहे.

एकूण यार्डांत दुसऱ्या क्रमांकावर असलेला लॅरी फिट्झगेराल्ड सतरा हंगाम खेळून १७,४९२ वर थांबला, राइसच्या ५,४०३ यार्ड मागे. २०२४ च्या अखेरीस जेफरसनला राइसपर्यंत पोहोचायला १५,४६३ यार्ड हवे होते. दर वर्षी बाराशे धरले, आणि हे वयाच्या तिशीनंतर भल्याभल्यांना जमत नाही, तरी त्याला आणखी तेरा हंगाम लागतील. तेव्हा तो अडतीस वर्षांचा असेल. राइसने अडतीस पूर्ण झाल्यानंतर सुरू केलेल्या हंगामांत ३,६४८ यार्ड मिळवले आहेत. व्हायकिंग्जने २०२४ मध्ये जेफरसनशी चार वर्षांसाठी १४ कोटी डॉलरचा करार केला, तो या शर्यतीसाठी केलेला नव्हता आणि त्याने ती धावावी अशी अपेक्षाही गैर ठरेल. आज त्याच्याबद्दल खात्रीने म्हणता येईल ते एवढेच की पहिल्या पाच हंगामांत यार्डांच्या बाबतीत तो कोणाच्याही पुढे होता आणि टचडाऊनच्या बाबतीत राइसच्या बराच मागे. पुढची तुलना १९९० ते १९९४ च्या राइसशी व्हावी: ४७४ झेल, ६,९११ यार्ड आणि ६५ टचडाऊन.